पेन्सिलीतली तारीख

वासू,

परवा तुझ्या टेबलाचा खालचा खण रिकामा करण्याचं काम माझ्याकडे आलं. रमजान असल्यामुळे ऑफिस दोन वाजताच सुटतं. सगळे गेल्यावर मी किल्ली लावली. आत रबरबँड लावलेली रिकामी पाकिटं होती, खोबरेल तेलाची लहान बाटली होती, दाताने चावलेली पेन्सिल होती, गेल्या काही वर्षांची पंचांगं होती आणि सर्वांत खाली गुंडाळून ठेवलेले मोठे कागद होते. व्हिसाचे जुने फॉर्म असतील असं समजून मी ते उलगडले. ते तक्ते निघाले. थायलंडच्या वर्षभराच्या सणांचे, बारा महिन्यांचे, तुझ्या टपोऱ्या अक्षरातले तक्ते. मला ठाऊक असलेले दोन, आणि मला ठाऊक नसलेले सहा.

शुक्रवारी इथे मस्कतमध्ये, दार्सैतला, आपली माणसं जमणार आहेत. तुझं दिवसकार्य गावी झालं. इथे आम्ही नुसते बसणार आहोत. चार शब्द बोला असं मला सांगण्यात आलं आहे. बोलताना मी अवघड जागा वळसा घालून टाळतो हे तुला माहीत आहे, म्हणून लिहून आणतो आहे आणि लिहिलेलंच वाचणार आहे. तुला माहीत असलेल्या गोष्टीही यात येतील, कारण ऐकणाऱ्यांना त्या माहीत नाहीत. एक गोष्ट मात्र तुलाही माहीत नव्हती. ती सांगण्यासाठीच बाकीचं सगळं आहे.

रुवीतल्या आपल्या लहानशा ट्रॅव्हल एजन्सीत मी शाखेचा व्यवस्थापक आणि तू सहलींच्या टेबलावर. मस्कतहून बँकॉकला जाणारी गिऱ्हाईकं आपल्याकडे पुष्कळ येत. कुणाला उपचारांसाठी जायचं असे, कुणाला खरेदीसाठी, कुणाला समुद्रकिनाऱ्यासाठी. तू एक दिवस माझ्यापुढे येऊन उभा राहिलास आणि म्हणालास की लोक तिकडे जातात आणि इथे बौशरच्या मॉलमध्ये दिसतं तेच बघून परत येतात. त्यांना सणांच्या दिवसांत पाठवू या. मी विचारलं, कोणते सण? तर तू पंचांग काढलंस. मला हसू आलं होतं, वासू. पुण्यात वाढलेल्या माझ्यासारख्या माणसाला पंचांग म्हणजे संकष्टीचा चंद्रोदय बघण्याचं पुस्तक. तू घाडी घराण्यातला. गावच्या देवीसमोर जत्रेत उभं राहून साऱ्या गावाच्या वतीनं गाऱ्हाणं घालण्याचा मान तुमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. तिथी मोजणं तुला श्वास घेण्याइतकं सोपं होतं.

तू बोट ठेवून दाखवत गेलास. एप्रिलमधला त्यांचा सोंगक्रान म्हणजे आपली मेष संक्रांत. नावसुद्धा त्याच मुळातलं. पाण्यावर दिवे सोडण्याचा लॉय क्राथोंग म्हणजे त्रिपुरी पौर्णिमा. फुकेतमध्ये नऊ दिवस मांसाहार वर्ज्य करतात ते साधारण आपल्या नवरात्रातच. जुलैमध्ये उबोन गावी मेणाच्या अजस्र मेणबत्त्या कोरून त्यांची मिरवणूक काढतात आणि त्या मठांना देतात, कारण पावसाळ्याचे तीन महिने भिक्षूंनी एका जागी राहायचं असतं. म्हणजे आपला चातुर्मासच, आणि दिवस गुरुपौर्णिमेच्या आसपासचा. लोपबुरीला माकडांना पंगत घालतात हे सांगताना तू मान हलवली होतीस. "थंय माकडांका आवताण देतत, साहेब. आमच्याकडे ती न बोलावता येतत, आणि केळीच्या लोंगराबरोबर केळीचा झाडपण नेतत."

तुझी कामाची एक रीत होती. डिसेंबरात तू पुढच्या वर्षाचा तक्ता पंचांगावरून पेन्सिलीने मांडायचास. मग बँकॉकच्या आपल्या एजंटाकडे तारखा पाठवायच्या, आणि त्यांच्याकडून होकार आला की एकेक ओळ निळ्या शाईने पक्की करायची. ज्यांचा सण, त्यांनी हो म्हटल्याशिवाय शाई नाही. "पेन्सिलीतली तारीख इकूची नाय," असं तू टेबलावरच्या मुलींना बजावायचास, आणि मलाही.

पहिल्या वर्षीचा तक्ता तुझ्या पाठीमागच्या भिंतीवर लावला. त्यावरून आपली भांडणं सुरू झाली आणि त्यातलं एक अजून मिटलेलं नाही. डान साय नावाच्या गावात भुतांचे मुखवटे घालून नाचण्याचा सण आहे, फी ता खोन. भात वाफवायच्या टोपल्यांचे मुखवटे, लांब नाकं, घुंगरं; तू चित्र बघून म्हणालास की हा आमचा शिमगाच. पण त्याची तारीख कोणत्याही पंचांगात मिळत नव्हती. ती गावातला देवाचा माणूस ठरवतो. मी ती ओळ काढून टाक म्हटलं. तू काढेनास. तुमच्या देवीच्या जत्रेची तारीखही पंचांगात नसते, देवीचा कौल मिळाला की ठरते आणि मग मुंबईपासून माणसं धावत येतात, असं तू समजावत होतास. मी म्हणालो, "वासू, तारीख नसलेली गोष्ट विकता येत नाही."

"मग इकू नकात," तू म्हणालास. "नुसती सांगा."

तक्ता छापायला देताना मी ती ओळ कापली. तिच्या जागी हॉटेलांचे तारे छापले. सोंगक्रानच्या चौकटीत तू लिहिलं होतंस की भिक्षूंवर पाणी उडवू नये, वडीलधाऱ्यांच्या तळहातांवर हळू ओतावं, कुणाच्या डोक्याला हात लावू नये. जागा नाही म्हणून तेही कापलं. मात्र गिऱ्हाईक उठायला लागलं की ते सगळं तू तोंडी सांगायचास. रांगेतला पुढचा माणूस चुळबुळ करू लागला, तरी पुरतं सांगून झाल्याशिवाय तिकीट हातात द्यायचा नाहीस.

त्या एप्रिलमध्ये आपण दोघं चियांग माईला गेलो होतो, सहल स्वतः बघून यावी म्हणून. रस्त्यांवर पोरं पिचकाऱ्या घेऊन उधळली होती. मी कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून छपराखालून फोटो काढत होतो. तू दिसेनास म्हणून शोधत एका मठाच्या अंगणात आलो. तिथे म्हातारी माणसं ओळीनं खुर्च्यांवर बसली होती आणि गावातली तरुण मंडळी गुडघ्यांवर बसून त्यांच्या तळहातांवर फुलं घातलेलं पाणी ओतत होती. त्या ओळीत तू होतास. पंचेचाळिशीचा, अंगाने भक्कम, शर्ट चिंब. एका आजींच्या हातांवर तू पाणी घातलंस. त्यांनी ते ओले हात तुझ्या खांद्यांना लावले आणि काहीतरी पुटपुटल्या. मग तुझ्या मनगटाला पांढरा दोरा बांधला. तू परत आलास तेव्हा मी विचारलं, काय म्हणाल्या त्या? तुला कळलं नव्हतं. "पण आमची आई मुंबयच्या गाडीत बसवताना असाच काय ता पुटपुटायची," एवढंच म्हणालास.

"तुम्ही पण या ना, साहेब. एक आजोबा रिकामे आसत."

मी कॅमेरा भिजेल असं सांगितलं. वासू, आज मला ते रिकामे आजोबा फार आठवतात. तुझ्या मनगटावरचा दोरा मात्र मळून, विरून, आपोआप गळेपर्यंत तू ठेवला होतास. अर्बाब, आपले ओमानी मालक, तो बघून तुला विचारायचे की घाडी, तिकडे लग्न करून आलास काय.

आता पुढचं.

दुसऱ्या वर्षीच्या तक्त्यात जुलैची ओळ पेन्सिलीत होती. दार्सैतमधल्या अठराजणांना, त्यांत निवृत्त शिक्षिका मोनेबाई होत्या आणि त्यांच्या भजनी मंडळातल्या बायका, मुलं, नातवंडं होती, गुरुपौर्णिमेला उबोनला जाऊन मेणबत्त्यांची मिरवणूक बघायची होती. आपल्या शाळांना जून-जुलै सुट्टी, ऑगस्टात शाळा सुरू; त्यामुळे दिवस अगदी सोयीचा. बँकॉकचं उत्तर यायचं होतं. तू थांबू या म्हणत होतास. मी घाईत होतो, कारण एवढी मोठी मंडळी आपल्या हातून जायला नको होती. मी तुझ्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "तुझं पंचांग आजवर कधी चुकलं आहे का? कर शाई."

तू पेन उघडलंस, मिटलंस, पुन्हा उघडलंस. मग शाई केलीस. माझ्या शब्दाखातर केलीस. आयुष्यात एकदाच तू तुझी रीत मोडलीस, आणि ती मी मोडायला लावली.

चांद्र वर्ष सूर्याच्या मागे पडतं म्हणून दर दोन-तीन वर्षांनी आपण एक महिना अधिक धरतो, हे सर्वांना माहीत आहे. थाय लोकही धरतात. आपला अधिक कधी या महिन्याला येतो, कधी त्या. त्यांचा मात्र कायम आठव्या महिन्यालाच येतो, म्हणजे साधारण आपल्या आषाढाला. त्या वर्षी आपला अधिक होता भाद्रपदात, गुरुपौर्णिमा होऊन गेल्यावर. त्यांच्याकडे आषाढच दोनदा आला, आणि मिरवणूक एक महिना पुढे गेली. तक्ता सुरू केल्यापासूनचा तो पहिलाच अधिक होता. तुला ते ठाऊक असण्याचं काहीच कारण नव्हतं. त्यासाठीच तर तुझी ती पेन्सिल होती.

तुला ठाऊक नसलेली गोष्ट आता सांगतो.

बँकॉकचं उत्तर आलं होतं. एप्रिल संपता संपता ते माझ्या ई-मेलवर आलं. तिकिटं काढून झाली होती, मंडळी निघायला दोन महिने होते. मी ते पूर्ण वाचलं. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की यंदा अधिक महिना असल्याने उबोनची मिरवणूक जुलैत नसून ऑगस्टात आहे, कृपया तारीख बदलावी. मी ते दोनदा वाचलं. ऑगस्टात शाळा सुरू होणार, मंडळी जाणार नाहीत, तिकिटं परत होणार नाहीत, अर्बाबना काय सांगायचं, असे विचार एकामागून एक आले. मग मी स्वतःची समजूत घातली की गाव तेच आहे, मठ तेच आहेत, काही ना काही बघायला मिळेलच. आणि ते पत्र मी बंद केलं. तू समोरच्या टेबलावर बसला होतास. आपल्यामध्ये चार पावलांचं अंतर होतं.

उबोनला काय झालं ते तू मला कधी सांगितलं नाहीस. ते मोनेबाईंनी गेल्या आठवड्यात सांगितलं. तू मंडळींना घेऊन उतरलास तेव्हा रस्ते रिकामे होते. हॉटेलवाला म्हणाला, सण पुढच्या महिन्यात. मंडळी तुझ्यावर तुटून पडली. कुणीतरी म्हणालं की मस्कतहून एवढं लांब आम्हाला बंद दुकान दाखवायला आणलंत का. तू हात जोडून उभा राहिलास. मग एकटाच बाहेर गेलास आणि तासाभरानं येऊन सगळ्यांना एका मठात घेऊन गेलास. तिथे मेणबत्तीचं काम नुकतंच सुरू झालं होतं. मांडवाखाली पुरुषभर जाडीचं पिवळं मेण आडवं ठेवलं होतं आणि कारागीर बाया-पुरुष छोट्या साच्यांत मेण दाबून फुलं काढत होते. तू त्यांना खुणांनी काय सांगितलंस कोण जाणे. त्यांनी चटया टाकल्या, अठराजणांना बसवलं आणि हातात साचे दिले. अर्धी मंडळी रुसून बसली, अर्धी फुलं करायला लागली. दुपारभर मुलं मेणात हात घालून बसली होती. "मिरवणूक पाहिली असती तर चार फोटो काढून परत आलो असतो," मोनेबाई म्हणाल्या. "आम्ही केलेली फुलं त्यांनी त्या मेणबत्तीला चिकटवली. तीन महिने तिच्या उजेडात कुणीतरी पोथी वाचली असेल. घाडींना हे सांगायचं राहून गेलं हो."

त्यांचंही राहून गेलं, वासू.

परत आल्यावर तक्रारी झाल्या आणि अर्बाबनी आपल्या दोघांना आत बोलावलं. ते ओरडणारे गृहस्थ नव्हेत. त्यांनी आपल्या हिंदीत शांतपणे विचारलं, ये तारीख किसने निकाला? मी म्हणालो, तक्ता घाडी बनवतात. यातला प्रत्येक शब्द खरा होता. तू माझ्याकडे बघितलंसही नाहीस. म्हणालास की चूक माझी आहे, खात्री होण्याआधी शाई केली. शाई करायला कुणी सांगितलं, हे तू तोंडातून काढलं नाहीस.

अर्बाब म्हणाले, "खलास. गलती इन्सान से होता है." त्यांच्या लेखी विषय संपला होता. तो मी संपू दिला नाही. तुला सहलींच्या टेबलावरून व्हिसाच्या कामाला घ्यावं असं मीच सुचवलं. कामाच्या सोयीचं कारण दिलं. खरं कारण हे की रोज चार पावलांवर तुझा चेहरा बघणं मला शक्य नव्हतं. त्यानंतर सहा वर्षं तू पासपोर्टांची पिशवी घेऊन वकिलातींच्या रांगांत उभा राहिलास, जूनच्या उन्हातही. भिंतीवरचा तक्ता मी काढायला लावला. तू तो स्वतःच्या हातांनी काढलास आणि खिळाही उपटून घेतलास, भिंतीत उगाच राहू नये म्हणून.

एवढ्यावरही मला संधी मिळाली होती. त्याच हिवाळ्यात एका शुक्रवारी तू बौशरला आमच्याकडे जेवायला आलास. गावाहून आलेली आमसुलं घेऊन आला होतास. माझी बायको सुनंदा आत सोलकढी गाळत होती. आपण दोघं गॅलरीत. तू समोरच्या डोंगराकडे बघत विचारलंस, "साहेब, रागवू नका. त्या साली बँकॉकचा उत्तर आलाच नव्हता ना?"

मी म्हणालो, "नाही."

तुझा जीव भांड्यात पडल्यासारखा झाला. "मगे माझीच चूक," तू म्हणालास. "बरां झाला इचारलंय. मनात उगाच किंतू होतो तुमच्याबद्दल. माफ करा." सुनंदा आली तेव्हा तू उठून तिच्या हातातून पेले घेतलेस, आणि वहिनी, आमसुलां लय घालू नका, आमची कडक असतत, असं काहीसं म्हणून हसलास.

माफ करा, असं तू मला म्हणालास. त्या क्षणापासून आजपर्यंत मी सोलकढी प्यायलेलो नाही. पण हे काही प्रायश्चित्त नव्हे. त्यामुळे तुझ्या आयुष्यातला एकही दिवस तुला परत मिळाला नाही.

मला वाटत होतं की माझ्या खोटेपणानं तुझं फक्त टेबल गेलं. तेवढ्यावर मी स्वतःशी जुळवून घेतलं होतं. तुझा पगार कमी होऊ दिला नाही, रजा अडवली नाही, दिवाळीला हमरियातल्या तुमच्या खोलीवर फराळ पाठवत राहिलो. तुझी मुलगी मेघना फोनवर बोलली तेव्हा मला खरी गोष्ट कळली.

तू अधिक ज्येष्ठात गेलास. तिनं मला विचारलं की काका, वर्षश्राद्ध कोणत्या महिन्यात धरायचं? गावात अशा वेळी सगळे बाबांनाच विचारायचे. आता भटजींना विचारू, पण बाबा असते तर बोटांवर मोजून सांगितलं असतं. मग तिनं स्वतःलाच दुरुस्त केलं, "म्हणजे पूर्वी सांगायचे. मधेच त्यांनी सोडलं. माझ्या लग्नाचा मुहूर्तसुद्धा दुसऱ्याला काढायला लावला. काका, तिकडे काही झालं होतं का?"

मी उलट तिलाच विचारलं, का गं? तेव्हा तिनं बाकीचंही सांगितलं. चार वर्षांपूर्वी तुझे थोरले बंधू गेले आणि देवीसमोर गाऱ्हाणं घालण्याचा मान तुझ्याकडे आला. गावकऱ्यांनी फोन केले, तिच्या आईनं, शैलावहिनींनी, विनवलं. तू नकार दिलास. ज्याला महिना मोजता आला नाही त्यानं गावाच्या वतीनं देवीपुढे उभं राहू नये, एवढंच सांगितलंस आणि मान चुलतभावाला दिलास. गावात लोक म्हणाले की मस्कतात राहून घाड्याचा देवावरचा विश्वास उडाला. तू त्यांना तसं म्हणू दिलंस. जत्रेला गेलास तेव्हा मांडवाच्या बाहेर उभा राहिलास.

वासू, तू ज्या जागेवर जन्मानं उभा होतास, त्या जागेवरून मी तुला एका शब्दानं खाली उतरवलं. आणि तुला वाटत राहिलं की तुझा तूच उतरलास.

तुझ्या खणातले ते सहा तक्ते मी रात्रीपर्यंत जमिनीवर पसरून बघत बसलो. टेबल गेल्यानंतरची सहा वर्षं तू दर डिसेंबरला तक्ता मांडत होतास. कुणासाठी नाही, भिंतीवर लावण्यासाठी नाही. सगळे पेन्सिलीत. समासात एक ओळ आहे: त्यांचा अधिक कायम आषाढच. ते तू कुठून तरी शोधून काढलं होतंस. मी बँकॉकच्या जुन्या पत्रांशी एकेक तारीख ताडून पाहिली. एका दिवसाचा फरक असलेल्या दोन ओळी सोडल्या तर सगळं बरोबर होतं. फी ता खोनची ओळही प्रत्येक तक्त्यात परत आली आहे; तारखेच्या जागी तू लिहिलं आहेस, कौल मिळाल्यावर. एकाही ओळीला शाई नाही. मी पेन उघडलं आणि ठेवून दिलं. तिथे शाई करण्याचा हक्क माझा नाही.

गाऱ्हाण्याबद्दल तू एकदा मला सांगितलं होतंस. मी म्हटलं होतं की देव मनातलंही ऐकतो, मग एवढ्या मोठ्यानं कशाला सांगायचं? तू चहाचा कप खाली ठेवलास. "देव काय बहिरो नाय, साहेब. पण चार माणसांनी आयकाक व्हया. कोणी, काय चुकवलान, ता नाव घेऊन सांगूक लागता. मगे सगळे म्हणतत, व्हय म्हाराजा. तेच्याशिवाय ता गाऱ्हाणा लागणा नाय."

मनातल्या मनात तुझी क्षमा मी शेकडो वेळा मागितली आहे. तुझ्या रीतीप्रमाणे त्यातलं एकही लागलेलं नाही. म्हणून या खोलीत, माणसांसमोर, मोठ्यानं वाचतो आहे. मी मुकुंद पेंडसे. बँकॉकचं उत्तर आलं होतं. मी ते वाचलं होतं. मी ते लपवलं, आणि वासुदेव घाडी यांनी विचारलं तेव्हा मी नाही म्हणालो. चूक त्यांची नव्हती.

अर्बाबना मी हे काल सांगितलं. हातातली तसबीह, त्यांची जपमाळ, बाजूला ठेवून ते म्हणाले की मला आता सांगून काय, त्याला सांगायचं होतं. मेघनाला त्याआधीच सांगितलं. ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. तिनं फक्त विचारलं, "काका, दार्सैतला वाचाल ते ठीक. पण बाबांना नावं ठेवणारी माणसं इथे आहेत. इथे येऊन देवळात सांगाल? जत्रेत, गाऱ्हाण्याच्या वेळी, बाबांचं नाव घेऊन?"

मी हो म्हणालो. या वेळी लगेच म्हणालो. मग विचारलं, जत्रा कधी आहे?

"ते आत्ता कसं सांगू?" ती म्हणाली. "कौल मिळायचा आहे."

आज सकाळी मी रजेचा अर्ज भरला. कारण स्पष्ट लिहिलं. तारखेच्या रकान्यापाशी हात थांबला. मग तुझ्या खणातली, दाताने चावलेली ती पेन्सिल घेतली आणि तुझ्यासारखंच लिहिलं: कौल मिळाल्यावर. तारीख नाही म्हणून अर्ज परत येईल असं वाटलं होतं. अर्बाबनी तो वाचला, कौल म्हणजे काय ते विचारून घेतलं, मान हलवली आणि खाली सही केली.